एकट्या गायकाचा झीलकरी

शाहिराच्या मागे झीलकरी नसतील तर पोवाडा उभा राहत नाही, हे आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. शाहीर ओळ फेकतो, मागचे ती झेलतात, आणि तेवढ्या वेळात शाहीर दम घेतो, पुढची ओळ मनात जुळवतो. पण ज्याच्या मागे उभे राहायला कोणीच नाही त्याने काय करावे? अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुईझियाना आणि त्याच्या शेजारच्या राज्यांतल्या काळ्या शेतमजुरांनी या प्रश्नाचे जे उत्तर काढले, त्याने आम्हाला गेली काही वर्षे वेड लावले आहे. त्यांनी काचेच्या बाटलीची मान कापली, ती बोटात अंगठीसारखी चढवली, गिटारीच्या तारांवरून सरकवत नेली, आणि गिटारीलाच झीलकरी केले.

या गाण्याला ‘ब्लूज’ म्हणतात. इंग्रजी भाषेत निळेपणा म्हणजे उदासी. आपल्याकडे निळा म्हणजे काय, ते या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. असो. ब्लूजचे कडवे बहुधा तीन ओळींचे असते. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा मोकळी राहते. त्या जागेत गिटार बोलते. बोटाने वाजवलेली गिटार तिथे नुसती वाजते, बाटलीने वाजवलेली मात्र माणसासारखी हुंकार भरते, कधी कण्हते, कधी चक्क टोमणा मारते. कित्येक गायक तर ओळीचा शेवटचा शब्द गातच नाहीत. तो गिटारीने पुरा करायचा असतो. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसले तरी अर्धे गाणे तिथेच समजते. आम्हाला स्वतःला त्यांचे गावरान इंग्रजी निम्म्याच्या वर कळत नाही, हे सांगून टाकतो.

वाचकांपैकी पन्नाशीच्या पुढच्यांनी हा आवाज अगदीच ऐकला नसेल असे नाही. पूर्वी रेडिओवर सिनेमातील गाण्यांच्या धुना लागत. व्हॅन शिपले, सुनील गांगुली या वादकांची नावे निवेदक घेत असत. ती गिटार मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातात पोलादी कांडी धरून वाजवलेली असे. तिला हवाईयन गिटार म्हणत. तिच्यातून गाण्याचे शब्द ऐकू आल्यासारखे वाटे, आणि आजूबाजूची बायामाणसे काम करता करता त्याबरोबर गुणगुणत. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रीत निघाली, जोसेफ केकुकू या मुलाला तिचे श्रेय बहुतेक देतात. तिथून ती दोन्हीकडे गेली. टाऊ मो नावाचे हवाईयन वादक १९४० च्या दशकात सहकुटुंब कलकत्त्यात राहत होते. त्यांच्यासारख्यांकडून ती आपल्या देशात रुजली आणि मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंत पोचली. दुसऱ्या बाजूने ती अमेरिकेत गेली आणि लुईझियानाच्या श्रीव्हपोर्ट शहरात ऑस्कर ‘बडी’ वूड्स नावाच्या काळ्या वादकाच्या मांडीवर जाऊन बसली. म्हणजे आपल्या रेडिओवरची धून आणि श्रीव्हपोर्टचा ब्लूज हे मावसभाऊ लागतात!

पण नात्याचा दुसरा धागा त्याहून जुना आहे, आणि तो आफ्रिकेतून आलेला आहे. मिसिसिपी आणि आसपासच्या प्रांतांतली गरीब मुले केरसुणी बांधायची तार सोडवून काढीत, झोपडीच्या लाकडी भिंतीवर दोन खिळे ठोकून ती ताणून बसवीत, वर-खाली दगड किंवा बाटली सरकवून ती आवळीत, आणि दुसऱ्या बाटलीने सूर काढीत. सगळे घरच त्या वाद्याचा भोपळा होई. एका तारेचे वाद्य! आपल्या एकतारीची किंवा तुणतुण्याची आठवण इथे कोणाला येणार नाही? पुढे ज्यांच्या हाती गिटार आली त्यांनी हाच भिंतीवरचा खेळ तिच्यावर आणला. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी याने लिहून ठेवले आहे की, १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहत असता फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस चाकूचे पाते तारांवर दाबून गिटार वाजवताना त्याने ऐकला, आणि इतके विचित्र संगीत आपण कधी ऐकले नव्हते असे त्याला वाटले. त्या माणसाचे नाव हँडीने विचारले नाही. हँडीला पुढे ब्लूजचा जनक म्हणू लागले. स्टेशनवरचा माणूस बेनावच राहिला.

आता ही जादू होते कशी, ते थोडे सांगतो. गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये बोट दाबले की एक ठरलेला सूर निघतो, पुढच्या घरात दाबले की पुढचा. मधला सूर नाही. आपल्या पेटीचेही तेच आहे. पांढरी पट्टी आणि काळी पट्टी यांच्या मध्ये जो सूर गळ्यातून सहज निघतो तो पेटीवर सापडत नाही. बाटली ही अडचण मोडून काढते. तिने तार दाबायची नसते, नुसती टेकवायची असते, आणि टेकवायची तीही घराच्या मध्ये नव्हे, बरोबर पट्टीच्या डोक्यावर. मग हात सरकेल तसा सूर सरकतो. जिन्याच्या पायऱ्यांऐवजी घसरगुंडी होते. आपले गवई याला मींड म्हणतात. ब्लूज गाणाऱ्या काळ्या माणसाचा गंधार आणि निषाद हे गोऱ्यांच्या पियानोत बसतच नाहीत, दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी राहतात. गोऱ्यांच्या वाद्यात त्यांना जागाच ठेवली नव्हती म्हणा ना! ती जागा बाटलीने मिळवून दिली.

तारा लावण्याचीही निराळी तऱ्हा आहे. नेहमीच्या लावणीऐवजी त्या अशा लावतात की नुसत्या छेडल्या तरी सर्वांचा मिळून एक भरदार स्वर निघावा. मग अंगठा जाड तारेवर ठेका धरून बसतो, ढोलकीवाला वेगळा लागत नाही. करंगळीत बाटली, बाटलीच्या मागची बोटे तारांवर हलकेच टेकलेली, म्हणजे नको ती कुरकुर दबते. ऐकायला सोपे वाटते. बघायला त्याहून सोपे वाटते. वाजवायला बसले की पहिले सहा महिने मांजर कोंडल्यासारखा आवाज येतो.

लुईझियानाचे पाणी जरा वेगळे आहे. शेजारच्या मिसिसिपीचा ब्लूज ताठ, तुटक, अंगावर येणारा. लुईझियाना म्हणजे दलदलीचा मुलूख, मंद वाहणाऱ्या खाड्या, दमट उकाडा, ऊस आणि भाताची शेते, फ्रेंच बोलणारी क्रिओल माणसे. इथला ब्लूज रेंगाळतो. ठोका पडायच्या जागेवर पडत नाही, किंचित मागून येतो, दिवसभर ऊस तोडून घरी चाललेल्या माणसाच्या पावलासारखा. बॅटन रूज शहराच्या आसपास १९५० च्या दशकात घडलेल्या या पद्धतीला ‘स्वॅम्प ब्लूज’, म्हणजे दलदलीचा ब्लूज, म्हणतात. याच बॅटन रूजमध्ये १९५३ च्या जून महिन्यात काळ्या नागरिकांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकला होता. माँटगोमरीचा प्रसिद्ध बहिष्कार त्यानंतर दोन वर्षांनी झाला. ही गोष्ट आपल्या भाषणांतून कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

ऑस्कर वूड्सकडे पुन्हा वळू. त्याने १९३६ साली ‘लोन वुल्फ ब्लूज’ ही तबकडी केली. ती आज मोबाईलवर कोणालाही ऐकता येते. आवाज जुन्या तबकडीचा, खरखरीचा, पण मांडीवरची गिटार अशी लाडात येऊन बोलते की खरखर विसरायला होते. त्याच्या चार वर्षे आधी, १९३२ मध्ये, त्याने आणि एड शॅफर या दुसऱ्या काळ्या वादकाने एका गोऱ्या गायकाला साथ केली होती. काळे आणि गोरे एकत्र बसून तबकडी भरताहेत, हे त्या काळच्या दक्षिणेत फार दुर्मिळ. त्या गोऱ्या गायकाचे नाव जिमी डेव्हिस. तो काळ्यांचा ब्लूज काळ्यांच्या साथीने गाऊन पुढे आला. आणि पुढे आला तो कुठपर्यंत, तर १९४४ मध्ये लुईझियानाचा राज्यपाल झाला! अमेरिकेत राज्यपाल म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा सत्ताधारी. १९६० मध्ये तो दुसऱ्यांदा राज्यपाल झाला. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांच्या चार काळ्या मुली न्यायालयाच्या हुकुमाने गोऱ्यांच्या दोन शाळांत दाखल झाल्या. रूबी ब्रिजेस ही त्यांपैकी एक. रस्त्यावर गोऱ्या आया त्या लेकरावर ओरडत उभ्या होत्या आणि केंद्र सरकारचे पोलीस तिला शाळेत पोचवत होते. त्या मुलींना रोखण्यासाठी विधानसभेची खास अधिवेशने भरवून कायद्यामागून कायदे करणारे सरकार होते जिमी डेव्हिसचे. न्यायालयांनी ते कायदे मोडीत काढले, ही गोष्ट निराळी.

आम्ही हे पहिल्यांदा वाचले त्या दिवशी १९३२ ची ती तबकडी पुन्हा लावली. वूड्सची बाटली डेव्हिसच्या प्रत्येक ओळीला साथ देते आहे, झीलकऱ्यासारखी, मनापासून. ती ऐकताना आम्हाला त्रास झाला. पण बाटलीचा सूर काही खोटा लागत नव्हता.

हिशेबाकडे आमचे लक्ष आधी जाते. वाणिज्य शाखेची पदवी आणि अर्धे आयुष्य खतावण्यांत गेले, त्याला इलाज नाही. तेव्हा या संगीताची नावेबाजूही पाहिली. दलदलीच्या ब्लूजचे बहुतेक ध्वनिमुद्रण क्राऊली या छोट्या गावी जे. डी. मिलर या गोऱ्या निर्मात्याच्या स्टुडिओत झाले. स्लिम हार्पो, लाइटनिन स्लिम, लेझी लेस्टर हे सगळे तिथलेच. मिलरला कान होता, यात शंका नाही. ठोकळे, वर्तमानपत्रांची गुंडाळी, मिळेल ते बडवून त्याने ताल भरले. पण काळ्या गायकांच्या गाण्यांवर लेखक म्हणून स्वतःचे टोपणनावही घालायला तो चुकत नसे, म्हणजे हक्काच्या पैशात वाटा कायमचा. आणि याच मिलरने १९६० च्या दशकात काळ्यांविरुद्ध विष ओकणाऱ्या गाण्यांच्या तबकड्याही काढल्या आणि विकल्या. एकाच स्टुडिओत, एकाच माणसाने. खतावणीत दोन्ही जमा.

रेल्वेचेही या गाण्याशी मोठे नाते आहे. बाटली तारेवरून सरकवत नेली की गाडीची शिट्टी निघते, अंगठ्याने ठेका धरला की रुळांचा खडखडाट. जवळजवळ प्रत्येक बाटलीवाला आपल्या गिटारीवर एक तरी आगगाडी चालवून दाखवतो. ऐकणारे टाळ्या पिटत. पण त्या गाडीत त्यांचा डबा वेगळा असे. लुईझियानानेच १८९० मध्ये वेगळ्या डब्यांचा कायदा केला. १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सचा होमर प्लेसी हा चांभारकाम करणारा तरुण ठरवून गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला आणि अटक करवून घेतली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि ‘वेगळे पण समान’ हे ढोंग अठ्ठावन्न वर्षे, १९५४ पर्यंत, देशाच्या मानेवर बसले. प्लेसीवरचा गुन्हा राज्याने माफ केला तो २०२२ च्या जानेवारीत. माफी कोणी कोणाला करायची, हा प्रश्न बाजूला ठेवू. मसूर स्टेशनवर गाडीतून उतरलेल्या आणि बैलगाडी न मिळालेल्या लहानग्या भीमाची हकिकत ज्यांच्या घरात वाचली जाते, त्यांना त्या शिट्टीत काय काय ऐकू येईल ते आम्ही लिहायला नको.

आता अंगोलाबद्दल. मिसिसिपी नदीच्या वळणावर अठरा हजार एकरांचा हा तुरुंग आहे. पूर्वी तो मळा होता, आणि ज्या आफ्रिकी मुलखातून गुलाम आणले त्याचे नाव मळ्याला दिले होते. गुलामगिरी कायद्याने गेली, मग तीच जमीन कैद्यांकडून कसून घेण्याचे ठेके निघाले. १९०१ मध्ये राज्याने तुरुंग आपल्या ताब्यात घेतला. कैदी तिथे आजही शेतात राबतात आणि त्यांत काळ्यांचा भरणा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्यांची भावना थोरच होती. पण त्या मुक्तीचा पुढचा हप्ता काय होता, तो अंगोलाच्या शेतात दिसतो.

लुईझियानाच्या मूरिंग्जपोर्टजवळ जन्मलेला हडी लेडबेटर, ज्याला जग लेड बेली म्हणते, तो या तुरुंगात होता. १९३३ मध्ये लोकगीते गोळा करणारे जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन तिथे आले, तेव्हा हा बारा तारांची गिटार घेऊन पुढे आला. काही गाण्यांत तो तारांवर चाकू सरकवून वाजवी. गोष्ट अशी सांगतात की, त्याने राज्यपालाला विनवणीचे गाणे ध्वनिमुद्रित करून पाठवले आणि राज्यपालाने विरघळून १९३४ मध्ये सोडले. आम्ही कारकून. कागद काय म्हणतो ते आधी पाहतो. कागद म्हणतो की चांगल्या वागणुकीची जी सूट नियमाने मिळते ती मिळून तो सुटला. गाण्याने तुरुंगाची दारे उघडली ही कहाणी लोकांना आवडली, म्हणून चालली. सुटल्यावर लोमॅक्सांनी त्याला न्यूयॉर्कला नेले, १९३५ मध्ये बातमीपटात कैद्याच्या वेषात उभे केले, आणि कमाईतला मोठा वाटा स्वतःकडे ठेवला. त्याच वर्षी तो त्यांच्यापासून वेगळा झाला. १९३७ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये काळ्यांना जागा नाकारतात यावर त्याने गाणे रचले. ते गाणे विनवणीचे नव्हते.

आम्हाला मात्र लेड बेलीपेक्षा रॉबर्ट पीट विल्यम्स अधिक जवळचा वाटतो. तो झॅकरी गावचा, १९१४ चा जन्म, वाट्याने शेती करणाऱ्या घरातला. शाळा नाही. पहिली गिटार त्याने सिगारेटच्या मोठ्या भावाच्या, म्हणजे सिगारच्या, खोक्याला तांब्याच्या तारा बांधून केली. एका खुनाच्या खटल्यात त्याला जन्मठेप झाली; आपण जीव वाचवायला गोळी झाडली असे तो सांगे. १९५९ मध्ये हॅरी ऑस्टर या प्राध्यापकाने अंगोलात त्याचे गाणे मुद्रित केले. ते ऐकताना प्रथम वाटते की, हा माणूस गातच नाही, स्वतःशी बोलतो आहे. तीन ओळींचा साचा त्याने कधीच फेकून दिलेला. कधी नुसती बोटे, कधी बाटली. ओळ संपेल तिथे संपते, गिटार तिच्यामागून चाचपडत जाते. त्या वर्षाच्या अखेरीस तो पॅरोलवर सुटला, पण अट अशी की एका शेतमालकाकडे राबायचे आणि राज्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. जगभर तबकडी गेली, माणूस शेतात. १९६४ मध्ये बंधन उठले तेव्हा तो न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सालगडी म्हणून वर्षे काढली त्यांनी हा ‘पॅरोल’ शब्द दोनदा वाचावा.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे सगळे रडगाणे आपल्या कुटुंबाच्या पानावर कशाला? हा प्रश्न आम्हाला तोंडावर विचारला गेला आहे. आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. तरुणपणी ते गायन पार्टीत होते. आम्ही अभ्यासिकेतल्या मुलांना हे संगीत ऐकवतो हे कळल्यावर त्यांनी बोलावून घेतले.

‘‘बाबासाहेबांनी आपल्याला जोहार सोडायला लावला,’’ ते म्हणाले, ‘‘जोहाराबरोबर जोहाराची गाणी आपण पुरली. आणि तू परक्यांची उकरून आणतोस?’’

‘‘दादा, हा जोहार नाही. हा माणूस मालकाला काही मागतच नाही. मालक ऐकायला बसलेलाच नाही इथे.’’

‘‘मग तुझा तो राज्यपालाला गाणे पाठवणारा?’’

इथे दादांचे बरोबर होते आणि आम्ही ते कबूल केले. ते गाणे जोहारच होते. पण सगळ्या ब्लूजला त्याच्या मापाने मोजता येत नाही. शनिवारी रात्री मजूर आपापसात जमत, आणि तिथे मालक नसे, मुकादम नसे. कष्टाची, बेइमानीची, पुराची, तुरुंगाची, प्रेमभंगाची गाणी होत आणि त्यावर लोक नाचत. दुःखावर नाचता येते हे मुलांना आधी खरे वाटेना. चर्चमधले वडीलधारे या गाण्याला सैतानाचे संगीत म्हणत. शिकलेल्या काळ्या कुटुंबांना त्याची लाज वाटे. म्हणजे दादांनी जे म्हटले तेच त्यांच्याकडच्या दादांनीही म्हटले होते.

आम्ही दादांना आणखी एक दाखला दिला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या विद्वानाला पत्र लिहिले. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे गाऱ्हाणे नेल्याचे त्यांनी वाचले होते, त्या अर्जाच्या प्रती हव्या होत्या. त्याच डू बॉइसने १९०३ मध्ये काळ्या माणसाच्या आत्म्यावर पुस्तक लिहिले तेव्हा प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या गाण्याची स्वरलिपी छापली आणि शेवटचे प्रकरण त्या दुःखगीतांनाच दिले. ती भजने होती, ब्लूज नव्हे, हे खरे. पण कायद्याची भाषा बोलणाऱ्या त्या पंडिताला गुलामाच्या कण्हण्याची लाज वाटली नाही. शिवाय ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचा एक संस्थापक ह्यूई न्यूटन हा लुईझियानातल्याच मन्रोचा, १९४२ चा जन्म. त्याच मातीने आवाजही दिला आणि मूठही दिली.

दादांनी ऐकून घेतले. ‘‘मूठ बरोबर,’’ एवढेच म्हणाले. विहारात हे वाजवायचे नाही असेही सांगितले. तो त्यांचा अधिकार, आम्ही मोडला नाही.

आमच्या शेजारच्या मावशींचे मत वेगळे पडले. त्या जुन्या काळच्या, जात्यावर बसून भीमरायाच्या ओव्या गायलेल्या. ओव्या लिहून घेणारी माणसे महाराष्ट्रातही फिरली. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात सुरू केलेल्या कामातून लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि त्यांत आपल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या पुष्कळ आहेत. मावशींना विल्यम्सचे गाणे लावून दिले. डोळे मिटून ऐकले आणि म्हणाल्या, ‘‘ह्याचं जातं कुठाय?’’ आम्ही गिटार दाखवली. ‘‘तेच म्हणते, घरघर येतीय.’’ एवढी अचूक समीक्षा आम्ही कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती.

बाटलीचा सूर आता काळ्यांपुरता राहिलेला नाही. लुईझियानात वाढलेला सनी लँड्रेथ हा गोरा वादक बाटली करंगळीत ठेवून तिच्या मागच्या घरांत उरलेल्या बोटांनी वेगळे सूर दाबतो, म्हणजे सरकता आणि स्थिर असे दोन्ही सूर एकदम निघतात. ही युक्ती ऐकून समजत नाही, बघावी लागते. तो क्लिफ्टन शेनिए या काळ्या क्रिओल अकॉर्डियनवाल्याच्या बँडमध्ये तयार झाला. त्या बँडमध्ये शेनिएचा भाऊ पन्हाळी पत्रा चिलखतासारखा छातीवर चढवी आणि बाटल्या उघडण्याच्या चाव्यांनी तो घासून ताल धरी. लँड्रेथचे बोट कसबी आहे. तरी आम्हाला, खरे सांगायचे तर, त्याच्या सफाईपेक्षा वूड्सची खरखर प्यारी. आणि आपल्या देशातले विश्वमोहन भट्ट यांनी राय कूडर या अमेरिकन वादकाबरोबर केलेल्या तबकडीला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले, तेव्हा हवाईहून निघालेले दोन्ही मावसभाऊ एका बैठकीत बसले असे म्हणायला हरकत नाही.

सर्वांत लांब गेलेली बाटली मात्र एका आंधळ्याची आहे. टेक्सासचा ब्लाइंड विली जॉन्सन रस्त्यावर गाऊन पोट भरी. १९२९ मध्ये त्याने न्यू ऑर्लिन्समध्येही तबकड्या भरल्या. १९४५ मध्ये तो दारिद्र्यातच वारला. त्याची १९२७ ची एक तबकडी आहे, तिच्यात शब्दच नाहीत, नुसते हुंकार आणि त्यांना उत्तर देणारी सरकती तार. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली, त्यांत पृथ्वीवरच्या आवाजांची जी सोनेरी तबकडी ठेवली तिच्यात हे हुंकार आहेत. त्याच तबकडीवर भारताचा म्हणून आवाज आहे तो गोव्याच्या केसरबाई केरकरांचा. कलावंत समाजात जन्मलेली बाई आणि रस्त्यावरचा आंधळा काळा, दोघे सूर्यमालेबाहेर एकाच तबकडीवर चालले आहेत.

ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. एकतारी ब्लूजची फळी घरी करता येते. खोक्याची जुनी देवदारी फळी घ्यावी, तीन फुटांपेक्षा आखूड. दोन टोकांना दोन खिळे, मध्ये गिटारीची पोलादी तार, ती वाद्यांच्या दुकानात सुटी मिळते. तार बांधली की एका टोकाला तिच्याखाली औषधाची छोटी काचेची बाटली आडवी सारून ती टोकाकडे ढकलावी, म्हणजे तार आवळते. दुसरी गुळगुळीत बाटली हातात धरून तारेवर टेकवावी, दाबू नये. बाटली कापण्याच्या भानगडीत मुलांनी पडू नये, अख्खीच वापरावी. तार आवळताना तोंड बाजूला ठेवावे, तुटली तर डोळ्याला लागते. आमच्या अभ्यासिकेतल्या फळीच्या दोन तारा तुटल्या, आता तिसरी चालू आहे. मुले ओट्यावर बसून वाजवतात. रात्री नऊनंतर वाजवायचे नाही असे समोरच्या वहिनींनी बजावले आहे, आणि मुलांनी ते मान्य केले आहे.